वाचकांचे प्रश्न : स्कीची जोडी कशी निवडावी?

हिवाळा जवळ येऊ लागला की या सदराकडे स्कीइंगविषयीची पत्रे येतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे, तो म्हणजे स्वतःची स्की विकत घ्यावी का आणि घ्यायची तर कोणती. पत्रे थोडी संक्षिप्त करून आणि नावे वगळून येथे देत आहोत. पहिल्या उत्तरात सर्वांनाच लागणारी माहिती आली असल्यामुळे ते लांबले आहे. नंतरच्या पत्रलेखकांनीही ते आधी वाचावे, अशी विनंती आहे.

प्रश्न : गेल्या फेब्रुवारीत मी गुलमर्गला स्कीइंगचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला. यापुढे दरवर्षी आठवडाभर तेथे जाण्याचा विचार आहे. माझा चुलतभाऊ जर्मनीत असतो. डिसेंबरात भारतात येताना तो स्की, बूट आणि बाइंडिंग असा पूर्ण संच आणण्यास तयार आहे. माझी उंची १७५ सेंटिमीटर, वजन ८२ किलो आणि वय ३४ वर्षे आहे. किती लांबीची आणि कोणत्या कंपनीची स्की मागवावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : भावाने स्की आणली तर चालेल, बूट मात्र त्याच्याकडून मागवू नयेत. स्कीवर वळताना किंवा थांबताना आपण जे काही करतो ते पायातून बुटात, बुटातून बाइंडिंगमध्ये (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडताना सोडणाऱ्या कळीत) आणि तेथून स्कीच्या पोलादी कडेपर्यंत पोहोचते. बूट सैल असेल तर पाय आतल्या आत फिरतो आणि स्की आहे तशीच सरळ जात राहते. मग ती कितीही उत्तम असली तरी तिचा उपयोग होत नाही. म्हणूनच, हाताशी पैसे मर्यादित असतील तर पहिला खर्च बुटांवर करावा आणि स्की भाड्याने घ्यावी. नवशिके बहुधा याच्या उलट वागतात, कारण दुकानात नजर जाते ती रंगीत स्कीवर, आणि बूट सगळे सारखेच दिसतात.

बूट दुसऱ्याच्या हातून का मागवू नयेत, हे त्याच्या मापावरून लक्षात येईल. स्कीच्या बुटाचा क्रमांक हा पावलाची सेंटिमीटरमधील लांबी असते. आपले पाऊल २७ सेंटिमीटर असेल तर बूटही २७ क्रमांकाचाच, नेहमीच्या बुटांप्रमाणे एक माप मोठा नव्हे. पण लांबी जुळली म्हणजे बूट बसला असे होत नाही. पावलाच्या रुंद भागाशी बूट आतून किती रुंद आहे हेही पाहावे लागते. बाजारात साधारण ९८ पासून १०४ मिलिमीटरपर्यंतचे बूट मिळतात. घोट्याची जाडी, पोटरीची उंची आणि पायाच्या कमानीचा आकार या गोष्टी तर आकड्यांत बसतच नाहीत. चांगल्या दुकानातला माणूस प्रथम बुटातले मऊ अस्तर काढून ठेवतो आणि नुसत्या प्लास्टिकच्या कवचात आपल्याला पाय घालायला सांगतो. बोटे पुढे टेकवल्यावर टाचेमागे दीड सेंटिमीटरच्या आसपास जागा राहिली तर लांबी योग्य समजावी; तीन सेंटिमीटर राहिली तर तो बूट कितीही सुखावह वाटला तरी परत करावा. अस्तर घालून बकल लावल्यावर, सरळ उभे असताना अंगठा पुढे हलकेच टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवताच तो मागे सरकला पाहिजे. टाच कोणत्याही हालचालीत वर उचलली जाता कामा नये. हे सगळे एकाच पातळ मोज्यावर पाहायचे असते. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घालून बूट घेणाऱ्याचे पाय उलट जास्त गारठतात, कारण त्यामुळे रक्तप्रवाह अडतो.

बुटाच्या ताठपणाचाही एक आकडा असतो. आपल्या वजनाच्या आणि अनुभवाच्या पुरुषाला ८० ते १०० या दरम्यानचा बूट योग्य ठरेल. हा आकडा सर्व कंपन्यांनी मिळून ठरवलेला नाही. एका कंपनीचा ९० दुसरीच्या १०० इतका कडक असू शकतो. तेव्हा आकडा पाहून आपली मर्यादा ठरवावी आणि निर्णय पायावर सोडावा. बूट तापवून पायाच्या आकाराला बसवून देणारे कारागीर आल्प्समधल्या स्कीच्या गावांत सहज भेटतात. आपल्याकडे ती सोय सहजी मिळत नाही. कामानिमित्त किंवा सहलीनिमित्त आपले स्वतःचे तिकडे जाणे होणार असेल तर बुटांची खरेदी तोपर्यंत थांबवणे श्रेयस्कर.

आता स्कीकडे वळतो. वर्षातून एकच आठवडा जाणार असाल तर माझ्या मते निदान दोन हंगाम स्की भाड्यानेच घ्यावी. असे सुचवण्यामागे केवळ काटकसर नाही. सुरुवातीच्या काळात शिकणाऱ्याची प्रगती झपाट्याने होते आणि पहिल्या वर्षी योग्य वाटलेली स्की दुसऱ्या वर्षअखेरीस अपुरी पडते. मात्र भाड्याने घेताना स्कीच्या मागील भागावर छापलेले आकडे टिपून ठेवावेत. तेथे लांबी असते, टोक, कंबर (म्हणजे मधला अरुंद भाग) आणि शेपूट यांची रुंदी असते, आणि बहुधा वळणाची त्रिज्याही असते. कोणत्या आकड्यांच्या स्कीवर आपल्याला काय जमले, याची आपली स्वतःची नोंद कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाची ठरते.

लांबीबाबत जुन्या पिढीचा सल्ला आज लागू पडत नाही. उभे राहून हात वर केल्यावर मनगटापर्यंत पोहोचेल एवढी, म्हणजे दोन मीटरच्या आसपासची स्की घ्यावी, असे तेव्हा सांगत आणि त्या काळच्या जवळजवळ सरळ स्कीसाठी ते बरोबरही होते. स्लोव्हेनियातील एलान या कंपनीने १९९३ च्या सुमारास टोकाला आणि शेपटीला रुंद, मध्ये स्पष्टपणे अरुंद अशी स्की बाजारात आणली. स्की कडेवर कलंडली की ही कंबर तिला आपोआप कमानीत वळवते. ती कल्पना पुढे सर्वच कंपन्यांनी स्वीकारली आणि लोक पूर्वीपेक्षा वीस-तीस सेंटिमीटर आखूड स्की वापरू लागले. आज नवशिक्याने हनुवटी ते ओठ, आणि थोड्या सरावलेल्या माणसाने नाक ते कपाळ या उंचीची स्की घ्यावी, असा ढोबळ हिशेब आहे. ढोबळ म्हणण्याचे कारण असे, की स्कीला आपली उंची कळत नाही, वजन कळते. ती वाकते वजनाने आणि वेगाने. आपले वजन उंचीच्या मानाने किंचित अधिक आहे, त्यामुळे १६३ ते १७० सेंटिमीटर या पट्ट्यातली स्की आपल्याला पेलेल. त्याच उंचीच्या पण साठ किलो वजनाच्या माणसाला मी १६० च्या आतबाहेरची सुचवली असती.

यानंतर कंबरेची रुंदी. माझ्या दृष्टीने हा आकडा लांबीपेक्षाही महत्त्वाचा आहे, कारण आपण कोणत्या बर्फावर जाणार हे त्यातून ठरते. यंत्राने दाबून सारख्या केलेल्या कठीण उतारावर ६५ ते ७५ मिलिमीटर कंबरेची स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर चटकन जाते. ताज्या भुसभुशीत बर्फात तीच स्की खाली रुतते. तेथे ९५ ते ११० मिलिमीटरची किंवा त्याहून रुंद स्की वर तरंगत राहते. गुलमर्गचे वैशिष्ट्य असे की ही दोन्ही जगे तेथे एका गोंडोलाच्या, म्हणजे दोरावरून जाणाऱ्या पाळण्याच्या, अंतरावर आहेत. गाव सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गोंडोलाचा १९९८ मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा कोंगडोरी या मधल्या थांब्यापर्यंत जातो, आणि २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट या डोंगराच्या खांद्यावर ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो. शिकाऊंचे उतार खाली आहेत. वर मोकळा, न दाबलेला बर्फ आहे आणि त्यासाठीच जगभरचे लोक तेथे येतात. आपण पुढील दोन-तीन वर्षे खालच्या उतारांवर आणि कोंगडोरीच्या परिसरात राहाल असे धरतो. त्यासाठी ८० ते ८८ मिलिमीटर कंबरेची, १५ ते १७ मीटर त्रिज्येची, टोकाशी किंचित वर उचललेली आणि पायाखाली कमान असलेली स्की घ्यावी. वर उचललेल्या टोकाला रॉकर म्हणतात आणि पायाखालच्या कमानीला कॅम्बर. रॉकरमुळे वळणात शिरणे सोपे जाते आणि असमान बर्फात टोक अडकत नाही. कॅम्बरमुळे कठीण बर्फावर कडेची पकड टिकते. टोकापासून शेपटीपर्यंत केवळ रॉकर असलेल्या स्की खोल बर्फासाठी बनवलेल्या असतात आणि शिकण्याच्या काळात त्यांच्या वाटेला जाऊ नये.

कंपनीचे नाव मी शेवटी घेत आहे ते जाणूनबुजून. ऑस्ट्रियाच्या अटॉमिक आणि फिशर, फ्रान्सच्या रॉसिन्योल आणि सॉलोमन, जर्मनीची फोल्कल, स्लोव्हेनियाची एलान या सर्वच कंपन्या चांगली स्की बनवतात. दोन कंपन्यांच्या स्कीमध्ये जितका फरक असतो त्याहून अधिक फरक एकाच कंपनीच्या नवशिक्यांसाठीच्या आणि स्पर्धकांसाठीच्या स्कीमध्ये असतो. भावाला कंपनी सांगण्याऐवजी लांबी, कंबर आणि त्रिज्या हे वरील तीन आकडे सांगावेत आणि गेल्या हंगामाची शिल्लक जोडी शोधायला सांगावे. पुष्कळदा दोन वर्षांच्या मालात वरच्या चित्राखेरीज काहीच बदललेले नसते आणि किंमत मात्र बरीच उतरलेली असते. युरोपात मध्यम दर्जाची नवी जोडी बाइंडिंगसह साधारणपणे ४०० ते ७०० युरोंना मिळते. बाइंडिंगचे माप बुटाच्या तळाच्या लांबीवर बसवतात, आणि ती लांबी बुटाच्या टाचेपाशी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. तेव्हा बूट हाती येण्याआधी स्की आणलीच, तर बाइंडिंग पट्टीवर पुढे-मागे सरकवता येणारे असावे, म्हणजे स्कीला नव्याने भोके पाडावी लागणार नाहीत.

प्रश्न : आम्ही म्युनिकला राहतो. मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी नऊ वर्षांची आहे. दोघांनाही या हिवाळ्यात स्की शाळेत घालणार आहोत. मुले भराभर वाढतात, म्हणून दहा सेंटिमीटर मोठी स्की घेतली तर दोन वर्षे निघतील, असे आम्हाला वाटते. ते योग्य होईल का?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : योग्य होणार नाही. गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात तसे हे करता येत नाही. लहान मुलाचे वजन मुळात कमी असते. लांब आणि कडक स्की त्याच्याने वाकत नाही, वळत नाही, आणि मग ते शरीर मागे टाकून केवळ बसल्यासारखे घसरत राहते. ही सवय एकदा लागली की प्रशिक्षकाला ती मोडायला एक पूर्ण हंगाम लागतो. सहा वर्षांच्या, प्रथमच शिकणाऱ्या मुलाला छाती ते हनुवटी या दरम्यान येईल एवढीच स्की द्यावी. मुलीने पूर्वी थोडे स्कीइंग केले असेल तर तिला हनुवटीपर्यंत किंवा थोडी वर चालेल.

आपल्या भागात याला दोन चांगले पर्याय आहेत. बरीच दुकाने लहान मुलांसाठी संपूर्ण हंगामाच्या भाड्याने स्की आणि बूट देतात, आणि काही दुकाने हंगामाच्या मध्येच माप बदलूनही देतात. शिवाय शरद ऋतूत क्लब आणि संस्था वापरलेल्या स्कीचे बाजार भरवतात. तेथे मुलांची स्की अगदी कमी किमतीत मिळते आणि पुढल्या वर्षी तीच परत विकताही येते. मात्र बाजारातून घेतलेली जोडी मुलाच्या पायात घालण्यापूर्वी दुकानात नेऊन बाइंडिंग मुलाच्या वजनानुसार आणि बुटानुसार लावून घ्यावे. भावंडाचे बूट धाकट्याला देताना नवे माप लावून घेण्याचे विसरतात, आणि मोठ्याच्या वजनाला लावलेले बाइंडिंग धाकट्याचा पाय पडल्यावर सोडत नाही. हेल्मेट वापरलेले घेऊ नये. त्याला पूर्वी मार बसला आहे का, हे बाहेरून ओळखता येत नाही.

प्रश्न : कॅनडात येऊन मला तीन वर्षे झाली. मित्रांसोबत कॉलिंगवूडजवळ ब्लू माउंटनला जातो आणि निळ्या खुणेच्या, म्हणजे मध्यम अवघड, उतारांवर आता आत्मविश्वास आला आहे. एका जाहिरातीत १७८ सेंटिमीटरची, १०४ मिलिमीटर कंबरेची, आठ वर्षे जुनी स्की बाइंडिंगसह स्वस्तात मिळते आहे. माझी उंची १७२ सेंटिमीटर आणि वजन ७० किलो आहे. वापरलेली स्की तपासावी कशी?
— एक वाचक, टोरोंटो

उत्तर : ही जोडी घेऊ नये. ती वापरलेली आहे हा तिचा दोष नव्हे. ती आपल्या डोंगरासाठी बनलेली नाही. ब्लू माउंटनचा उभा उतार सुमारे २२० मीटरचा आहे, आणि आँटेरिओत ऊन-पाऊस-गोठण यांच्या चक्रामुळे बर्फ बहुतेक काळ टणक असतो. तेथे १०४ मिलिमीटरची रुंद स्की कडेवर आणायला पायाला अधिक ताकद लावावी लागते आणि पकडही कमी मिळते. आपल्याला ७० ते ८० मिलिमीटर कंबरेची, १६० ते १६७ सेंटिमीटर लांबीची स्की शोधायला हवी. ब्रिटिश कोलंबियातल्या खोल बर्फासाठी कुणीतरी हौसेने घेतलेल्या स्की पूर्वेकडच्या जाहिरातींत स्वस्तात दिसल्या तर त्यामागे बहुधा हेच कारण असते.

तपासण्याची रीत मात्र कोणत्याही जोडीला लागू पडते, म्हणून ती सविस्तर सांगतो. दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धराव्यात. हाताने दाबल्याशिवाय मध्ये थोडी फट दिसली तर कमान जिवंत आहे. रॉकर असलेल्या स्कीची टोके दूर असतील, पण दोन्हींची सारखीच दूर असली पाहिजेत. एक स्की दुसरीपेक्षा पिळलेली किंवा वाकलेली दिसली तर तेथेच थांबावे. नंतर पोलादी कडेवरून नख फिरवत टोकापासून शेपटीपर्यंत जावे. तांबूस गंज घासून निघतो, त्याची चिंता नको. पण कड तुटलेली असेल, तळापासून सुटलेली असेल किंवा घासून-घासून एक मिलिमीटरहूनही बारीक झाली असेल तर ती स्की संपली. तळावरचे बारीक ओरखडे भरता येतात. मात्र खड्ड्यातून आतले लाकूड किंवा तंतू दिसत असतील तर पाणी आत शिरलेले असण्याची शक्यता असते. वरच्या थराचे टवके केवळ दिसायला वाईट असतात. तोच थर बाजूने उकलत असेल, आणि विशेषतः बाइंडिंगच्या आसपास किंवा टोकाशी थरांमध्ये पाते शिरण्याइतकी फट असेल, तर ती दुरुस्ती टिकत नाही.

बाइंडिंगच्या पुढे-मागे बुजवलेली भोके दिसली तर ती किती आहेत ते मोजावे. एकदा हलवलेले बाइंडिंग चालते. दोन-तीन वेळा जागा बदललेली असेल तर स्क्रू धरण्याइतके घट्ट लाकूड त्या भागात उरत नाही. आणि आठ वर्षे जुन्या बाइंडिंगबाबत एक गोष्ट पैसे देण्यापूर्वीच पाहावी. प्रत्येक हंगामाला उत्पादक आपण ज्यांची जबाबदारी घेतो अशा बाइंडिंगची यादी दुकानांना देतात. यादीतून गळलेले बाइंडिंग उत्तर अमेरिकेतील दुकाने लावून किंवा तपासून देत नाहीत. म्हणजे स्वस्तात घेतलेल्या स्कीवर नवे बाइंडिंग बसवण्याचा खर्च येऊन पडतो, आणि मग ती स्वस्त राहत नाही. आपले बूट अलीकडचे असतील तर त्यांचा तळ चालायला सोपा, किंचित गोलाई दिलेला असू शकतो. अशा तळांना ग्रिपवॉक म्हणतात. हा तळ जुन्या बाइंडिंगमध्ये नीट बसत नाही, आणि बसल्यासारखा वाटला तरी सुटण्याची वेळ येते तेव्हा तो विश्वासाने सुटत नाही.

प्रश्न : माझे वय ५८ वर्षे आहे. लेक स्वित्झर्लंडमध्ये असते. गेली दोन वर्षे तिच्याकडे गेल्यावर मी स्की शिकते आहे आणि मला ते फार आवडले आहे. आता मला स्वतःची स्की घ्यायची आहे. दुकानात बायकांसाठीची वेगळी स्की दाखवतात. तिची खरोखर गरज असते का? आणि गुडघ्याला जपण्यासाठी बाइंडिंग अगदी सैल ठेवावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : या वयात नव्याने शिकून आपण खरेदीपर्यंत पोहोचलात याचा मनापासून आनंद वाटला. बायकांसाठी म्हणून विकली जाणारी स्की साधारणतः हलकी आणि लवचीक असते, आखूड मापांत मिळते, आणि कित्येकदा बाइंडिंगची जागा किंचित पुढे असते. हे सगळे गुण आपल्याला उपयोगी आहेत. पण ते गुण पुरुषांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या हलक्या स्कीतही असू शकतात, आणि जोरकसपणे स्की करणाऱ्या स्त्रीला पहिल्या प्रकारची स्की अपुरीही पडते. तेव्हा लेबल बाजूला ठेवून वजन आणि लवचीकपणा पाहावा. स्वित्झर्लंडमध्ये दुकाने आणि डोंगरावरची केंद्रे चाचणीसाठी स्की देतात. एकाच दिवशी, एकाच उतारावर दोन-तीन जोड्या बदलून पाहिल्यात तर जो फरक वाचून कळत नाही तो पायांना कळेल. हनुवटी ते नाक या उंचीची, ७० ते ७८ मिलिमीटर कंबरेची स्की घेऊन सुरुवात करावी.

बाइंडिंगविषयीची आपली शंका रास्त आहे, पण उपाय तो नव्हे. बाइंडिंग किती जोराने सुटेल हे ठरवणारा त्यावरील आकडा आंतरराष्ट्रीय मानकानुसार वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून काढतात. पन्नाशीनंतर तो आकडा नियमानेच एक पायरी खाली घेतला जातो. म्हणून दुकानात वय आणि वजन खरे सांगावे, आणि आपण सावकाश, मध्यम की आक्रमक स्की करतो या प्रश्नाला संकोच न करता सावकाश असे उत्तर द्यावे. त्याहून सैल केलेले बाइंडिंग खडबडीत जागी विनाकारण सुटते, आणि चालत्या वेगात अचानक एक स्की निघाल्याने होणारे पडणेही गंभीर असते. वेगवेगळ्या ताकदीची बाइंडिंग मिळतात. आपल्यासाठी आलेला आकडा बाइंडिंगच्या पट्ट्याच्या मधल्या भागात येईल असे घ्यावे, अगदी टोकाला नको.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. सुटणाऱ्या बाइंडिंगमुळे नडगीची हाडे मोडण्याचे प्रमाण पूर्वीच्या मानाने पुष्कळ घटले, परंतु गुडघ्याच्या आतील अस्थिबंध तुटण्यापासून नेहमीचे बाइंडिंग पुरते संरक्षण देत नाही. शरीर मागे पडून, नितंब गुडघ्याच्या खाली जाऊन, एक स्की आत वळते तेव्हा ही दुखापत होते आणि त्या वेळी बाइंडिंगवर सुटण्याइतका जोर येतोच असे नाही. गुडघ्याला खरे जपायचे तर मांडीच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंचा व्यायाम ऑगस्ट-सप्टेंबरपासून सुरू करावा, आणि दिवसाअखेरी पाय थकल्यावर शेवटचा एक उतार करण्याचा मोह टाळावा.

प्रश्न : आम्ही पुण्याचे तिघे मित्र सह्याद्रीत बारा-पंधरा वर्षे भटकतो आहोत आणि हिमालयातील काही पदभ्रमणेही केली आहेत. गुलमर्गला दोनदा स्की केले. आता गोंडोला सोडून चढाईची टूरिंग स्की घ्यावी आणि डोंगरात स्वतंत्रपणे फिरावे असे वाटते. कोणती स्की आणि कोणते बाइंडिंग घ्यावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : टूरिंग स्कीच्या बाइंडिंगमध्ये बुटाचे नाक दोन धातूच्या टोकांत धरलेले असते. चढताना टाच मोकळी राहते आणि तळाला चिकटवलेल्या पट्ट्यांमुळे स्की मागे घसरत नाही. उतरण्यापूर्वी पट्ट्या काढून टाच बसवतात. स्की, बाइंडिंग आणि बूट तिन्ही हलके असावे लागतात, कारण दिवसाचा बराच काळ ते पायाने उचलून वर न्यायचे असतात. हे साहित्य सुंदर आहे आणि त्यामागची ओढही मला समजते. परंतु आपल्या पत्रात हिमस्खलनाचा उल्लेख कोठेही नाही, म्हणून उत्तराची दिशा मी बदलतो.

सह्याद्रीतील अनुभवाने दम, वाट शोधण्याची नजर आणि सोबत्यांवरचा विश्वास मिळतो. तुटू पाहणाऱ्या बर्फाचा थर ओळखण्याचे ज्ञान त्यातून मिळत नाही, कारण तेथे तो प्रश्नच नसतो. अफरवटच्या उतारांवर एकेका पश्चिमी झंझावातासोबत भरपूर बर्फ पडतो, वारा तो कड्यांच्या आडोशाला साठवतो, आणि खालच्या जुन्या थराशी त्याची पकड बसलेली नसते. गस्तीपथकाची देखरेख गोंडोलालगतच्या ठरावीक भागापुरती असते. त्यापलीकडचा निर्णय आपला आणि परिणामही आपलेच. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळच्या खिलनमर्ग येथे प्रशिक्षण घेणाऱ्या लष्कराच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळून १७ जवानांचा मृत्यू झाला. ती प्रशिक्षित, धडधाकट माणसे होती.

आपल्या खरेदीच्या यादीत म्हणूनच पहिल्या ओळीत स्की नको. प्रत्येकाकडे शोधयंत्र, फावडे आणि लांब शोधकाठी हवी. तिघांत मिळून एक नव्हे. अंगावर बांधायची ही शोधयंत्रे ४५७ किलोहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर चालतात, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी एकमेकांना शोधतात. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता साधारण पंधरा मिनिटांनंतर वेगाने घसरते. याचा अर्थ बाहेरची मदत पोहोचण्याआधी सोबत्यांनीच त्याला काढावे लागते, आणि त्यासाठी हातांना सराव हवा. हिमस्खलनविषयक प्रशिक्षण पूर्ण करावे, त्यानंतर एक हंगाम स्थानिक जाणत्या मार्गदर्शकासोबत भाड्याच्या टूरिंग साहित्यावर फिरावे. त्यानंतर ९० ते १०० मिलिमीटर कंबरेची, आपल्या नाकाच्या किंवा कपाळाच्या उंचीची हलकी स्की घ्यावी, आणि बूट घेताना पुढे व टाचेला धातूच्या खोबणी आहेत याची खात्री करावी. साध्या उताराच्या बुटांना बहुधा त्या नसतात. त्याआधी टूरिंग स्की घेतलीत तर ती वापरण्याची घाई होईल, आणि डोंगरात त्या घाईचीच मला सर्वांत जास्त भीती वाटते.

प्रश्न : मी मुंबईत समुद्राजवळ राहतो. परदेशातून आणलेली स्की आणि बूट वर्षातील अकरा महिने घरीच असतात. पावसाळ्यात कडांना गंज चढतो. काय करावे?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : हंगाम संपताच स्की साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करावी, कडांवरचा गंज त्यासाठी मिळणाऱ्या खरखरीत रबराने घासून काढावा, आणि तळावर मेणाचा जाड थर गरम इस्त्रीने देऊन तो कडांवरही ओघळू द्यावा. नेहमी हा थर खरवडून काढतात; साठवणीच्या काळात तो तसाच राहू द्यायचा असतो, म्हणजे दमट आणि खारी हवा पोलादापर्यंत पोहोचत नाही. डिसेंबरात निघण्यापूर्वी तो खरवडावा. दोन स्की पट्ट्याने घट्ट आवळून ठेवू नयेत, त्याने कमान दबते. बंद प्रवासी पिशवीत ओल अडकते, म्हणून पिशवीत ठेवायच्याच असतील तर चेन उघडी ठेवावी. माळ्यावर थेट पत्र्याखाली किंवा गॅलरीत ठेवू नयेत. घरातल्या कपाटामागची कोरडी, सावलीची जागा उत्तम. बाइंडिंगचा आकडा मात्र साठवणीसाठी स्वतः खालीवर करू नये. कधी केलाच तर पुढील हंगामापूर्वी तो दुकानातून पुन्हा लावून घ्यावा.

बुटांकडे त्याहून जास्त लक्ष द्यावे. अस्तर बाहेर काढून पंख्याखाली वाळवावे, परत घालावे आणि बकल सैलसर लावून ठेवावे, म्हणजे कवचाचा आकार बदलत नाही. पुष्कळ बुटांचे कवच पॉलियुरेथेनचे असते आणि हे प्लास्टिक दमट हवेत वर्षानुवर्षे राहिले की आतून कमकुवत होते; बाहेरून धडधाकट दिसणारा बूट एखाद्या थंड सकाळी बकल आवळताना चिरतो. आपले बूट दहा वर्षांहून जुने असतील तर जाण्यापूर्वी घरीच ते घालून, बकल लावून, गुडघे जोराने पुढे वाकवून पाहावेत, आणि टाचेजवळ व घोट्याच्या सांध्याजवळ केसाएवढ्या चिरा दिसतात का ते उजेडात तपासावे. दिसल्या तर ते बूट वापरू नयेत, आणि कोणाला देऊही नयेत.